लाल कपडेवालीचं वाक्य

आमच्या बाई आम्हाला अहो म्हणायच्या. आम्ही तेव्हा नऊ ते तेरा वर्षांच्या, गुडघ्यांवर खपल्या मिरवणाऱ्या चौदा मुली होतो आणि घरी-शाळेत सगळे आम्हाला 'ए, इकडे ये' याच सुरात हाक मारत. बाई मात्र म्हणत, "आपण हातांवर उभ्या आहात की दोरीवर वाळत घातल्या आहात?" कुणी आपटलं की शांतपणे विचारत, "पडलात? हरकत नाही. जमीन कुठे जात नाही. पुन्हा या." पहिल्या आठवड्यात या 'अहो'चं हसू यायचं. दुसऱ्या आठवड्यात त्याची भीती वाटायला लागायची. आणि मग केव्हातरी लक्षात यायचं, की या बाई आपल्याला खरोखरच मोठ्या माणसांत धरतायत, म्हणजे आपण जे करू त्याला मोठ्या माणसासारखं जबाबदारही धरणार आहेत. तिथून सुटका नसायची.

ही नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. कोथरूडमध्ये सोसायट्या भराभर उभ्या राहत होत्या आणि दोन सोसायट्यांच्या मध्ये एखादं ज्वारीचं शेत अजून तग धरून असायचं. बाई दिवसा एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या. संध्याकाळी लुनावरून यायच्या आणि एका शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्हाला जिम्नॅस्टिक्स शिकवायच्या. ठेंगण्या, रुंद, पन्नाशीच्या. पाचवारी साडीचा पदर कमरेला करकचून खोचलेला आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. त्यांना बघून शेडमधल्या खेळाची कल्पना कुणाला आली असती असं मला वाटत नाही.

एकदा एका नव्या मुलीचे वडील चौकशीला आले. शर्टाच्या खिशाला पेन लावलेले, नीट विचारपूस करणारे गृहस्थ. "बाई, आपण स्वतः कुठपर्यंत खेळलात? राज्य, राष्ट्रीय?"

"मी कधीच खेळले नाही," बाई म्हणाल्या. "मला साधी कोलांटी येत नाही."

गृहस्थ गोंधळले. "मग शिकवता कशा?"

"नीट बघून."

हे त्यांनी फुशारकीने सांगितलं नाही. जे होतं ते सांगितलं. त्यांच्या लहानपणी मुलींना फार तर लेझीम मिळायची. जिम्नॅस्टिक्स त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते सिनेमात, चाळिशी उलटल्यावर. परदेशातल्या एका भाच्याने त्यांना व्हिडिओ प्लेअर आणि सात कॅसेटी आणून दिल्या होत्या. भाच्याला वाटलं असणार, मावशी एकटी राहते, जरा करमणूक होईल. मावशीने त्यातली एकेक उडी थांबवून थांबवून पाहिली आणि शंभर पानी वहीत पेन्सिलीने काड्यांची माणसं काढली. पाय कुठे, हात कुठे, मान केव्हा वळते, सगळं. ती वही मी पाहिलेली आहे. एका पानावर एकाच उडीची इतकी माणसं होती की पान काळं पडलं होतं. पुढे मी चांगल्या चांगल्या प्रशिक्षकांच्या हाताखाली शिकले, पण उडी मारताना माझ्या पाठीच्या कण्यात नक्की काय बिघडतंय हे बाईंइतकं अचूक मला कुणी सांगितलं नाही.

तर त्या सात कॅसेटी. सातही सिनेमे लहान जिम्नॅस्ट मुलींचे, घरच्यांसोबत बघण्यासारखे आणि सातांची गोष्ट थोड्याफार फरकाने एकच. क्लासमध्ये एक नवी मुलगी येते. जुन्या मुली तिला छळतात, तिचे बूट लपवतात, जेवताना शेजारून उठून जातात. ती रडते, पडते, पुन्हा उठते आणि शेवटी मोठ्या स्पर्धेत जिंकते. मग छळणाऱ्या सगळ्या तिच्या गळ्यात पडतात. दर रविवारी दुपारी बाई आम्हा चौदाजणींना आपल्या दोन खोल्यांच्या घरी बोलवत, सतरंजीवर बसवत, प्रत्येकीच्या ओंजळीत फुटाणे घालत आणि यांतला एक सिनेमा लावत. एका आईने धीर करून विचारलं होतं, "बाई, सिनेमे कसले दाखवता हो मुलींना?" बाई म्हणाल्या, "ज्यात कुणी कुणाला गोळ्या घालत नाही असे. आपल्याकडे कुठले असतात?" त्यानंतर कुणी विचारलं नाही.

सिनेमा सुरू झाला की बाई आधी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करायच्या. "या बायका फार किंचाळतात," असं कारण होतं. मग टीव्हीशेजारच्या लोखंडी खुर्चीवर बसून सगळ्या पात्रांची वाक्यं स्वतः मराठीत म्हणायच्या. आवाज बदलणं वगैरे काही नाही. कचेरीतलं पत्र वाचून दाखवावं तशा एकाच सुरात. नायिकेचं नाव त्यांनी ठेवलं होतं 'ठेंगणी', तिला छळणाऱ्या उंच मुलीचं 'लाल कपडेवाली' आणि सिनेमातल्या प्रशिक्षकाचं 'शिट्टीवाले गृहस्थ'. या गृहस्थांवर त्यांचा विशेष राग. "हे शिट्टी फार वाजवतात. शिट्टीने कुणाची पाठ सरळ झालेली मी पाहिली नाही," असं मध्येच म्हणून त्या पुन्हा संवादांकडे वळत. आम्ही मराठी शाळेतल्या, इंग्रजी पाचवीपासूनचं. त्यामुळे बाई सांगतात तेच पडद्यावरचे लोक बोलतायत याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

आणखी एक. त्या कुठलाच सिनेमा शेवटपर्यंत दाखवत नसत. ठेंगणी शेवटच्या स्पर्धेसाठी बीमवर, त्या वीतभरही रुंद नसलेल्या उंच लाकडी पट्टीवर, चढली, प्रेक्षक शांत झाले, की खटकन बटण दाबायच्या. आम्ही कळवळायचो. "बाई, जिंकते ना ती?"

"जिंकते. या सिनेमांत सगळ्या जिंकतात."

"मग दाखवा ना."

एकदा, फार मागे लागलो तेव्हा, त्या म्हणाल्या, "जिंकलेल्या मुलीच्या गळ्यात पडायला काय लागतं हो? ती पडली असती, शेवटची आली असती, तर या बायांनी तिच्याशी काय केलं असतं, ते मला बघायचं होतं. ते यांनी एकातही दाखवलेलं नाही. मग बाकीचं कशाला बघा?" आम्हाला तेव्हा हे काही कळलं नाही, फसवल्यासारखं मात्र वाटलं. पुष्कळ वर्षांनी माझ्या मुलीबरोबर मी तसलाच एक सिनेमा पहिल्यांदा शेवटपर्यंत पाहिला. मुलगी जिंकली, सगळ्या गळ्यात पडल्या, मी डोळे पुसले आणि पुसता पुसता बाईंचा प्रश्न आठवून जरा ओशाळले.

अलका आमच्याकडे आली त्या जूनमध्ये मी बाईंची सगळ्यांत चांगली विद्यार्थिनी होते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, बाई तर मेल्या तरी सांगत्या ना, पण मला ते माहीत होतं आणि बाकीच्यांनाही माहीत असावं अशी मी व्यवस्था ठेवली होती. अलका जुन्या कोथरूड गावातली. वडिलांच्या दावणीला आठ म्हशी, शेत बरंचसं विकून झालेलं. महापालिकेच्या शाळेतल्या शिक्षकांनी तिला पाठवलं होतं. कडब्याच्या गंजीवरून उलट्या उड्या मारत वाढलेली मुलगी, भीती काय असते हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. जे मला जमायला वर्ष लागलं ते तिला तीन आठवड्यांत आलं.

मी तिला छळलं. हे दुसऱ्या कुठल्या शब्दात लिहिता येईल का याचा मी विचार करून पाहिला, पण येत नाही. खुंटीवर तिच्या पिशवीशेजारी कुणी आपली पिशवी अडकवायची नाही, हा नियम माझा. ती 'हाय' म्हणाली, 'न्हाई' म्हणाली, की तिच्यासमोर तेच वाक्य नाकात बोलून दाखवायचं, हा खेळ माझा. एकदा तिचा कॉस्च्युम मी नळाखाली धरला आणि पुन्हा खुंटीला लावून ठेवला. तिने तो तसाच ओला अंगात चढवला आणि दोन तास सराव केला. आणि एका गुरुवारी मी म्हणाले, "हिच्या केसांना शेणाचा वास येतो." सगळ्या हसल्या. शेडच्या कोपऱ्यात एक पत्रा आडवा ठोकून कपडे बदलायची जागा केलेली होती, तिथे मी हे बोलले. आम्हाला ती वेगळी खोलीच वाटायची. पत्र्याच्या पलीकडे स्टुलावर बसून बाई आमच्या उसवलेल्या कॉस्च्युमना टाके घालत असत, हे आमच्या ध्यानातही येत नसे.

त्या रविवारी पडद्यावर लाल कपडेवाली ठेंगणीच्या समोर येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून काहीतरी बोलली आणि बाई त्याच पत्र वाचायच्या सुरात म्हणाल्या, "हिच्या केसांना शेणाचा वास येतो."

माझ्या ओंजळीतले फुटाणे सतरंजीवर सांडले. एक-दोघी हसायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. हाच सिनेमा आम्ही पावसाळ्याआधी पाहिला होता आणि याच जागी लाल कपडेवाली 'माझा टॉवेल कुणी घेतला' असं म्हणाली होती. पडद्यावर ठेंगणीने मान वर केली. पिवळ्या वेण्या, निळे डोळे. बाई म्हणाल्या, "येतोय की. सकाळी गोठा काढून आले म्हणून येतोय. तुझ्या चहात दूध असतंय न्हवं? ते कुठनं येतं?"

त्या गोऱ्या मुलीच्या तोंडून हे ऐकून सगळ्या खो खो हसल्या, पण या वेळी हसू ठेंगणीच्या बाजूने होतं. अलका हसली नाही. ती पडद्याकडे बघायचं सोडून बाईंकडे बघत राहिली. सोमवारी मी कोपऱ्यात तिला पुन्हा काहीतरी बोलले, तेव्हा तिने तेच उत्तर मला दिलं, शब्दाला शब्द. माझ्या बाजूने कुणी हसलं नाही. बाईंनी मला एका शब्दाने रागावलं नव्हतं. तिला फक्त एक वाक्य दिलं होतं आणि तेवढ्याने माझं राज्य खालसा झालं. आज मला या बाईंच्या बुद्धीपुढे हात जोडावेसे वाटतात. तेव्हा मला फक्त अलकाचा राग आला.

बाईंची एक पद्धत होती, ती मी पुढे दुसरीकडे कुठेही पाहिली नाही. नवीन उडी शिकताना शेजारी कुणीतरी धरायला लागतं, एक हात कमरेखाली आणि एक मांडीला. बाकी ठिकाणी मुली आपापल्या मैत्रिणींना धरतात. बाईंचा नियम उलटा. जिचा जिच्याशी अबोला, तिने तिला धरायचं. "मैत्रीण धरते तेव्हा गप्पा मारते," त्या म्हणायच्या. "अबोला असला की लक्ष हातावर राहतं." आणि ते खरं होतं. जिचं सगळं वजन आपण रोज हातावर तोलतो तिच्याशी फार दिवस न बोलता राहता येत नाही. शेडमधली कितीतरी भांडणं अशी गादीवरच मिटली. बाईंना कुणाचं कुणाशी बिनसलंय हे कसं कळतं, याचं आम्हाला नवल वाटायचं. पत्र्याचा विचार कुणीच केला नाही.

तेव्हा अलका 'फ्लिक' शिकायला लागली त्या दिवशी तिला धरायला बाईंनी मला सांगितलं. फ्लिक म्हणजे उभ्याने मागे झेप घ्यायची, हातांवर टेकायचं आणि उलटून परत पायांवर यायचं. झेप घेताना मागचं काही दिसत नाही. आपल्या कमरेखाली कुणाचातरी हात आहे, एवढ्याच भरवशावर मागे जायचं असतं. चार उड्या ठीक झाल्या. बाई शेडच्या दुसऱ्या टोकाला लहान मुलींकडे गेल्या. पाचव्या उडीला अलका मागे झेपावली आणि मी हात काढून घेतला.

मी तो मुद्दाम काढला का, हे मी पुढची तीस वर्षं स्वतःला विचारत आलेय. खरं उत्तर असं, की अर्ध्या क्षणापुरता विचार माझ्या मनात आला होता आणि तेवढा पुरला. ती वेडीवाकडी डाव्या हातावर आली. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला.

बाई धावत आल्या. त्यांना धावताना मी तेवढं एकदाच पाहिलं. अलकाचा हात त्यांनी आपल्या पदरात घेतला आणि विचारलं, "काय झालं?"

"हात घसरला," अलका म्हणाली.

"कोणाचा?"

अलकाने माझ्याकडे पाहिलं नाही. "माजा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, क्लास संपल्यावर बाई मला म्हणाल्या, "आपण माझ्याबरोबर येताय." लुनाच्या मागे बसवून त्यांनी मला अलकाच्या घरी नेलं. अंगणात बाज होती, पलीकडे गोठा. अलकाचे वडील बाजेवरून उठले आणि बाईंना बसा म्हणाले. बाई बसल्या नाहीत. अलका दारात उभी होती, कोपरापर्यंत प्लास्टर, मान खाली.

"मुलीचा हात मोडला ही चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "नवीन उडी होती. मी शेजारी उभं राहायला हवं होतं. मी दुसरीकडे होते. आपली माफी मागायला आले."

वडिलांनी अलकाच्या प्लास्टरकडे पाहिलं. माणूस भांडखोर नव्हता, रागावलेलाही दिसत नव्हता. "तुमीच म्हनताय चूक तुमची हाय, म्हंजे आसंल," ते म्हणाले. "पन मंग चुकनाऱ्या बाईकडं पोरगी कशी धाडू मी? आज हात मोडला. उद्या मान मोडली तर?"

"आपलं बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

"आता न्हाई धाडायची. झालं तेवढं पुरं."

अलका म्हणाली, "आण्णा, पन मी—" आणि वडील म्हणाले, "तू गप." तिने तोंड मिटलं. तिचा चेहरा मला अजून दिसतो. पडल्यावरही ती रडली नव्हती, आता तिच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मी हात काढला, हे तीन शब्द मी तिथे बोलले असते तर खेळावरचा आणि बाईंवरचा ठपका निघून गेला असता. मी गोठ्याशेजारी उभी राहून म्हशींकडे बघत राहिले. परत लुनावरूनच आलो. आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी मला उतरवलं तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "परवा सिनेमा आहे. या."

बाईंनी मला हात काढताना पाहिलं होतं. हे मला त्या वेळी माहीत नव्हतं, पण फाटकाशी उभी असताना वाटलं मात्र होतं. त्यांनी मला विचारलं असतं तर मी 'नाही' म्हटलं असतं, आणि एकदा 'नाही' म्हटल्यावर मी त्याला चिकटून बसले असते. म्हणून त्यांनी विचारलं नाही. अकरा वर्षांच्या मुलीला खोटं बोलायची संधीच द्यायची नाही, एवढी सभ्यता मी त्यानंतर फार थोड्या मोठ्या माणसांत पाहिली.

रविवारी आम्ही तेराजणी होतो. बाईंनी फुटाणे वाटले, आवाज बंद केला आणि एक सिनेमा लावला. आधीचा भाग त्यांनी नेहमीसारखा बोलून दाखवला. मग ठेंगणी बीमवरून पडण्याचा प्रसंग आला. ती घोटा धरून खाली बसलेली, शिट्टीवाले गृहस्थ धावत येतात, मुलींकडे वळतात आणि बाई म्हणाल्या, "ही कशी पडली?"

पडद्यावर लाल कपडेवाली पुढे आली. तिचं तोंड मोठं दिसायला लागलं. ओठ हलले, काहीतरी लांबलचक बोलली. बाई गप्प.

आम्ही वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी बटण दाबून कॅसेट मागे नेली. गृहस्थ पुन्हा धावत आले. "ही कशी पडली?" लाल कपडेवालीचे ओठ पुन्हा हलले. बाई पुन्हा गप्प.

एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, ती काय म्हणते?"

"हिचं वाक्य मला म्हणता येत नाही," बाई म्हणाल्या. "कुणाला येत असेल तर त्यांनी म्हणावं."

आणि त्यांनी कॅसेट तिसऱ्यांदा मागे नेली. मला उठून पळून जायचं होतं, चपला दाराशीच होत्या. पण मला हेही कळत होतं की मी बोलले नाही तर बाई कॅसेट चौथ्यांदा मागे नेतील, पाचव्यांदा नेतील, पुढच्या रविवारी नेतील, आणि अलका आयुष्यभर त्या दारात उभी राहील. गृहस्थ आले. "ही कशी पडली?" बाईंनी विचारलं. लाल कपडेवालीने तोंड उघडलं आणि मी म्हणाले, "मी हात काढून घेतला."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. पडद्यावर ते गृहस्थ हातवारे करून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडायला लागले होते. बाईंनी त्यांच्या तोंडी एकच वाक्य घातलं. "बरं. हे जिथे सांगायचं तिथे सांगू." मग टीव्ही बंद करून त्या उठल्या आणि मला म्हणाल्या, "चपला घाला. बाकीच्यांनी फुटाणे संपवा."

अलकाचे वडील म्हैस धूत होते. मी त्यांच्यासमोर उभी राहून सगळं सांगितलं, कॉस्च्युम, केस, पिशव्या, हात. मध्ये हुंदके आले तेव्हा बाईंनी मला पाणी मागून दिलं आणि पुढचं सांगायला लावलं. वडिलांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "कुठल्या सोसायटीतली तू?" मी सांगितलं. "ते आमचंच वावर व्हतं," ते म्हणाले. "भुईमूग लई निघायचा." मग ते बाईंकडे वळले. "तुमाला हे ठावं व्हतं?"

"होतं."

"मंग परवा का न्हाई बोललात?"

"परवा मी बोलले तेही खरंच होतं. मी शेजारी नव्हते," बाई म्हणाल्या. "हे यांनी सांगायचं होतं."

वडिलांनी अलकाला हाक मारली. "अन् तू गं? तू का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुमी म्हनला असता, असल्या पोरींत जाऊ नगंस," अलका म्हणाली. "मला जायचं व्हतं."

एवढ्या सगळ्या प्रकारात तिला फक्त परत यायचं होतं, मी तिथे असताना आणि मी काय केलं ते माहीत असताना. मी बाईंची भक्त आहेच, पण त्या दिवसापासून मी अलकाचीही आहे. वडिलांनी म्हशीच्या पाठीवर उरलेलं पाणी ओतलं. "पिलास्टर निघू द्या," ते म्हणाले. "पयल्या दिवशी मी येनार. बघनार. मंग ठरवनार."

प्लास्टर निघालं, डॉक्टरांनी हात चालवायला परवानगी दिली आणि एका सोमवारी संध्याकाळी ते खरंच आले. शेडच्या दारात उभे राहिले, डोक्यावर टोपी, हात मागे बांधलेले. बाईंनी त्यांना नमस्कार केला आणि अलकाला आधी साध्या कोलांट्या, मग हातांवर उभं राहणं, असं करत करत अर्ध्या तासाने गादीच्या मधोमध उभं केलं. "फ्लिक," त्या म्हणाल्या. "आज मी शेजारी उभी राहणार आहे." आणि मग माझ्याकडे बोट केलं. "आपण धरायचं."

दारातल्या माणसाने मागे बांधलेले हात सोडले. मी म्हणाले, "बाई, मी नको. दुसऱ्या कुणालातरी सांगा."

"का?"

"मला भीती वाटते."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "या शेडमध्ये आज आपल्याइतकं नीट दुसरं कुणीही धरणार नाही." मग अलकाकडे वळून त्यांनी विचारलं, "आपली काही हरकत?"

अलकाने वडिलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाली, "धर."

मी एक हात तिच्या कमरेखाली ठेवला, एक मांडीला. तिने गुडघे वाकवले, हात वर फेकले आणि मागे झेपावली. तिचं सगळं वजन माझ्या मनगटावर आलं, केस माझ्या तोंडावरून गेले, मग पाय वरून फिरून आले आणि गादीवर धप्प असा आवाज झाला. कुणीतरी टाळी वाजवली. दारातून खोकल्याचा आवाज आला. मला मात्र काही दिसत नव्हतं. मी डोळे गच्च मिटून दोन्ही हातांनी तिची कंबर आवळून धरली होती, आणि किती वेळ धरून होते कोण जाणे, कारण शेवटी बाईंनी वाकून माझी बोटं एकेक करून सोडवली.

"सोडा आता," त्या म्हणाल्या. "उभ्या आहेत त्या."